तारेवाचून तार : संगणकावरील गिटार आणि सुराचे आंदोलन



सूर लागणे ही एक गोष्ट आहे आणि लागलेला सूर जिवंत राहणे ही दुसरी. तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे तिचा नाद एकसारखा राहत नाही. जवारीमुळे तो खुलतो, पसरतो आणि हळूहळू मावळतो. दरबारी कानडा गाणारा गवई कोमल गंधारावर येतो तेव्हा तो सूर खुंटीला टांगल्यासारखा स्थिर ठेवीत नाही. त्याला तो मंद आंदोलन देतो, आणि त्या आंदोलनातच रागाची ओळख पटते. सुरातील ही हालचाल काढून टाकली तर मागे उरतो तो केवळ आवाज.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीत या सत्याचा आम्हांस नव्याने प्रत्यय आला. एका समूहगीतास गिटारीची साथ हवी होती. गिटार वाजविणारे कोणी नव्हते व वाद्यही नव्हते. एक संगणक, त्यातील गिटारीचा कार्यक्रम आणि चार सप्तकांची एक छोटी पट्टी एवढीच आमची सामग्री. पहिल्या दिवशी जे वाजले ते ऐकून मुले हसली. सूर चुकला नव्हता, तालही चुकला नव्हता. पण ती गिटार नव्हती. ती गिटार का नव्हती, याचा शोध घेताना आम्ही जे शिकलो ते या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

संगणकात गिटार कशी वसते?

संगणकावर गिटार उभी करण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्या मार्गात खऱ्या गिटारीचा प्रत्येक सूर हळू, मध्यम व जोराने छेडून ध्वनिमुद्रित करतात आणि पट्टी दाबताच त्यातील योग्य तो नमुना वाजवितात. दुसऱ्या मार्गात नमुना नसतोच. तारेचे वर्तन गणिताने मांडतात. केव्हिन कार्प्लस व अ‍ॅलेक्झांडर स्ट्राँग यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेली रीत या दुसऱ्या मार्गातील विख्यात रीत होय. ती इतकी सोपी आहे की दहावीच्या विद्यार्थ्यास सहज उमजावी.

संगणक ध्वनी साठवितो तो एका सेकंदात 44,100 आकड्यांच्या रूपाने, असे धरू. गिटारीची पाचवी तार सेकंदास 110 कंपने करते. म्हणजे एका कंपनाच्या वाट्यास सुमारे 400 आकडे येतात. आता 400 आकड्यांची एक रांग घ्या, तीत कोणतेही वेडेवाकडे आकडे भरा आणि ती रांग पुनःपुन्हा फिरवीत राहा. मात्र प्रत्येक फेरीत प्रत्येक आकड्याच्या जागी तो व त्याचा शेजारी यांची सरासरी ठेवा. सरासरीमुळे आकड्यांचे टोकदार चढउतार दर फेरीस बोथट होत जातात. कानाला काय ऐकू येते? आरंभी नखीचा कणखर आघात, मग तारेचा झणत्कार आणि शेवटी मऊ होत विझणारा सूर. खऱ्या तारेतही उंच स्वरांश आधी मावळतात व मूळ स्वर मागे रेंगाळतो. येथेही नेमके तेच घडते.

मिडी : वाद्यांची सामाईक भाषा

पट्टी दाबली हे संगणकास कळते कसे? त्यासाठी वाद्यांची एक भाषा आहे. तिला मिडी म्हणतात. 1980 च्या सुमारास प्रत्येक कारखान्याचे इलेक्ट्रॉनिक वाद्य स्वतःच्याच बोलीत बोलत असे. एकाचे दुसऱ्यास कळत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ व जपानमधील इकुतारो काकेहाशी या दोन वाद्यनिर्मात्यांनी पुढाकार घेतला आणि धंद्यातील प्रतिस्पर्धी एकत्र बसले. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कारखान्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. एकावर बोट ठेवताच दुसरे वाजले. ही भाषा वापरण्यासाठी कोणाकडून शुल्क घेण्यात आले नाही, आणि म्हणूनच ती सर्वांची झाली. अनेक भाषांच्या शेजारात वाढणाऱ्या आपल्यासारख्यांस या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मिडीच्या तारेतून ध्वनी वाहत नाही. वाहतात ते केवळ आकडे. हार्मोनियमवरील मधली पांढरी एक म्हणजे मिडीतील 60 हा आकडा. काळी-पांढरीचा भेद न करता एकेक पट्टी वर जावे तसा आकडा एकाने वाढतो. गिटारीच्या सहा मोकळ्या तारा जाडीकडून बारीकीकडे 40, 45, 50, 55, 59 व 64 या आकड्यांच्या आहेत. ‘144, 60, 100’ असा संदेश गेला तर त्याचा अर्थ असा : पहिल्या वाहिनीवर 60 क्रमांकाचा सूर 100 इतक्या जोराने सुरू करा. जोर 1 ते 127 पर्यंत मोजतात. जोर शून्य लिहिला तर तो सूर थांबविण्याचा हुकूम समजतात.

मूळच्या पाच टाचण्यांच्या जोडणीत सेकंदास 31,250 बिट जातात. एक बाइट पाठविण्यास दहा बिट लागतात. म्हणून तीन बाइटांच्या एका संदेशास सुमारे एक मिलिसेकंद पुरतो. सहा तारांचा पूर्ण झंकार पाठविण्यास सहा मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. वादकाची नखी सहा तारांवरून फिरताना याहून पुष्कळ अधिक वेळ घेते; तेव्हा उशिराचा दोष या भाषेकडे जात नाही.

आंदोलनाचे पाच प्रकार

आता मुख्य विषयाकडे वळू. इंग्रजीत ज्यास मॉड्युलेशन म्हणतात त्याचा गाभा एवढाच की, ध्वनीचा एखादा गुण एका मंद आंदोलकाच्या हाती सोपवावयाचा. हा आंदोलक स्वतः ऐकू येत नाही. झोपाळा हलविणाऱ्या हाताप्रमाणे तो सेकंदास एकदा, पाचदा किंवा दहा सेकंदांतून एकदाही हालतो. हालचाल किती जलद आणि किती खोल, हे दोन प्रश्न प्रत्येक प्रकारात विचारावयाचे असतात.

पहिला प्रकार ट्रेमोलो. यात ध्वनीचा मोठेपणा हालतो; सूर जागचा हालत नाही. दुसरा व्हायब्रेटो. यात सूरच वरखाली होतो, मोठेपणा तोच राहतो. या दोन नावांत मोठा घोटाळा होऊन बसला आहे. 1954 साली बाजारात आलेल्या फेंडर कारखान्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवरील दांड्यास ‘ट्रेमोलो’ म्हटले गेले, पण तो दांडा सूर हालवितो. आणि त्याच कारखान्याच्या ध्वनिवर्धकांवर ‘व्हायब्रेटो’ असे लिहिले असता मोठेपणा हालतो! म्हणून विद्यार्थ्याने नावावर न जाता कानावर विश्वास ठेवावा.

तिसरा प्रकार कोरस. दहा मुले एकच ओळ गातात तेव्हा कोणाचाही सूर व वेळ तंतोतंत दुसऱ्यासारखी नसते. त्या सूक्ष्म तफावतीमुळेच समूहाचा भरदारपणा येतो. यंत्रात हे कसे साधावे? मूळ ध्वनीची एक प्रत सुमारे 15 ते 30 मिलिसेकंद मागे ठेवतात, हा विलंब आंदोलकाकडून थोडा कमीअधिक करवितात आणि ती प्रत मूळ ध्वनीत मिसळतात. विलंब घटत असताना प्रतीचा सूर किंचित चढतो व वाढत असताना उतरतो. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते व दूर जाते तेव्हा हाच नियम आपणांस ऐकू येतो. गिटारवादकांत हा परिणाम विशेष रूढ झाला तो 1976 साली जपानमध्ये निघालेल्या सीई-वन नामक पेटीपासून.

चौथा फ्लँजर. रीत कोरसचीच, पण विलंब सुमारे 1 ते 10 मिलिसेकंदांचा. येथे गणित फार सुंदर आहे. विलंब 1 मिलिसेकंद असेल तर 500 कंपनांच्या सुराची प्रत बरोबर अर्धे कंपन मागे पडते; मूळ लाट वर असता प्रतीची खाली असते आणि दोन्ही परस्परांना मिटवून टाकतात. हीच गत 1500, 2500, 3500 कंपनांची. उलट 1000 व 2000 ही कंपने दुणावतात. ध्वनीच्या अंगावरून जणू फणी फिरावी तसे समान अंतरावर खाचे पडतात. विलंब 2 मिलिसेकंद होताच हे खाचे 250, 750, 1250 येथे सरकतात. या सरकत्या फणीमुळेच विमान डोक्यावरून गेल्यासारखा तो ओळखीचा सोसाटा उत्पन्न होतो. पूर्वी हा परिणाम दोन ध्वनिफीत यंत्रे एकदम चालवून व एकाच्या चाकाच्या कडेवर बोट टेकवून साधीत. त्या कडेच्या इंग्रजी नावावरूनच हे नाव पडले.

पाचवा फेझर. यात विलंबाऐवजी अशी गाळणी एकापुढे एक लावतात की, ज्या ध्वनीचा मोठेपणा बदलत नाहीत, केवळ त्याच्या लाटा मागेपुढे सरकवितात. चार गाळण्यांतून दोन खाचे मिळतात. फ्लँजरच्या फणीला दाते पुष्कळ व समान अंतरावर. फेझरच्या फणीला मोजके व विषम. त्यामुळे त्याचा परिणाम अधिक सौम्य, पाण्याखाली हालणाऱ्या प्रकाशासारखा वाटतो.

तार ओढण्याची कला

हे पाचही परिणाम आम्ही एकामागून एक लावून पाहिले. ध्वनी शोभिवंत झाला, पण मुलांचे हसू थांबले नाही. उणीव कोठे होती ती एका हार्मोनियम वाजविणाऱ्या विद्यार्थिनीने सांगितली : “गुरुजी, यात मींड नाही.”

तिचे म्हणणे अचूक होते. हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांमधील जागा मुकी असते. नभोवाणीने 1940 साली हार्मोनियम वर्ज्य केली व 1971 पर्यंत तिला दारे बंद ठेविली, त्यामागे हाही एक आक्षेप होता. हिंदुस्थानी रागसंगीतात गिटार आली ती हाच आक्षेप दूर सारून. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी ठेवून, तारांवरून धातूचा तुकडा सरकवून मींड काढली. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती आजही ऐकावयास मिळते.

मिडीमध्ये या कामासाठी सूर वाकविण्याचे चाक असते. सामान्य नियंत्रणाला 128 पायऱ्या असतात. पण सुराच्या बाबतीत कान फार चोखंदळ, म्हणून या चाकास 128 गुणिले 128, म्हणजे 16,384 पायऱ्या दिल्या आहेत. मधली पायरी 8,192 ची. सोडून देताच चाक आपोआप मध्यावर येते. बहुधा त्याची मर्यादा दोन्ही बाजूंस दोन अर्धस्वरांची असते. म्हणजे षड्जावरून शुद्ध ऋषभापर्यंत मींड घेता येते.

परंतु केवळ चाक फिरविल्याने गिटार होत नाही. उभ्या पडद्यांच्या गिटारीवर बोटाने तार बाजूस ओढली की तिचा ताण वाढतो. म्हणून सूर वरच जातो, खाली कधीच नाही. सतारीचेही तसेच. यंत्राचा व्हायब्रेटो मात्र सुराच्या दोन्ही अंगांस सारखाच डोलतो. आम्ही यंत्राचा व्हायब्रेटो बंद केला आणि चाक मध्यापासून फक्त वर नेऊन परत आणण्याचा सराव केला. आंदोलन सुराच्या माथ्यावर राहू लागले आणि हसणारी मुले प्रथमच गप्प झाली.

उतरती मींड तर याहून शिकविणारी आहे. सतारिया आधी तार ओढून धरतो, मग छेडतो आणि मग सैल सोडतो. पट्टीवरही तोच क्रम पाळावा : प्रथम चाक वर, मग सूर दाबणे, मग चाक हळूहळू मध्यावर. आधी सूर दाबून मग चाक खाली नेले तर तार ढिली पडल्याचा भास होतो.

आणखी एक अडचण येते. चाकाचा हुकूम साऱ्या वाहिनीला लागू असतो. दोन सूर वाजत असता चाक फिरविले तर दोन्ही वाकतात. खरा वादक मात्र एक तार ओढतो व दुसरी जागच्या जागी ठेवतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तारेस स्वतंत्र वाहिनी देणे. मिडीत वाहिन्या सोळा, तारा सहा. तेव्हा वाण नाही. हाच विचार पुढे नेऊन प्रत्येक सुराला वेगळे वळण देण्याची पद्धत 2018 मध्ये मिडीच्या नियमांत अधिकृतपणे सामील करण्यात आली.

चाके, पेडल आणि यंत्राची आठवण

पट्टीवर दुसरेही एक चाक असते. त्याचा नियंत्रण क्रमांक 1. आवाजाचा क्रमांक 7, वादनातील चढउताराचा 11, सूर धरून ठेवणाऱ्या पेडलचा 64. बहुतेक कार्यक्रमांत पडद्यावरील कोणतीही कळ निवडून तिला ‘शीक’ अशी आज्ञा देता येते. मग हातातील चाक हालविले की त्या दोहोंची गाठ पडते. अशा रीतीने आम्ही पहिल्या चाकाची गाठ कोरसच्या खोलीशी बांधली : शांत ओळीत चाक खाली, ध्रुपदात वर.

मात्र हे चाक पहिल्यासारखे आपोआप मागे येत नाही. रंगीत तालमीत गीत संपले तेव्हा ते अगदी वर राहिले होते. लगेच ईशस्तवन सुरू झाले आणि तारा तापाने कापणाऱ्या माणसासारख्या थरथरू लागल्या. दोष यंत्राचा नव्हता. मिडीच्या जगात शेवटचा हुकूम नवा हुकूम येईपर्यंत कायम असतो. त्या दिवसापासून प्रत्येक गीताच्या आरंभी 121 क्रमांकाचा ‘सर्व नियंत्रणे पूर्ववत’ हा संदेश पाठविण्याचा नियम आम्ही केला. एखादा सूर अडकून बसला तर 123 क्रमांकाचा ‘सर्व सूर बंद’ हा संदेश उपयोगी पडतो.

छेडणे, क्रम आणि लय

पट्टीवर तीन बोटे एकदम पडतात. गिटारीवर नखी एकेक तार ओलांडते. म्हणून स्वरसमूहातील सूर थोडे मागेपुढे ठेवावेत. हात खाली जाताना जाड तारेकडून बारीक तारेकडे, वर येताना उलट. तसेच पट्टीवर सोईचे म्हणून 60, 64, 67 हे सूर दाबू नयेत. गिटारीवर हाच स्वरसमूह सामान्यतः 48, 52, 55, 60, 64 असा पाच तारांवर पसरतो. गिटारीच्या पल्ल्याखालच्या पट्ट्या, म्हणजे 40 च्या खालच्या, पुष्कळ कार्यक्रमांत सूर वाजवीत नाहीत. तार तळव्याने दाबून वाजविणे, घसरत जाणे अशा वादनप्रकारांची निवड त्या करतात.

परिणामांचा क्रमही विचाराने ठेवावा. ध्वनी फाटून कर्कश करणारा परिणाम ध्वनीचे लहानमोठेपण सपाट करून टाकतो. त्याच्या आधी ट्रेमोलो ठेवला तर त्याचे चढउतार बरेचसे चेपले जातात. नंतर ठेवला तर स्पष्ट ऐकू येतात.

लयीचे गणित सोपे आहे. मिनिटास 90 मात्रा असतील तर एक मात्रा 60 भागिले 90, म्हणजे सुमारे 0.67 सेकंदाची. एका मात्रेत ट्रेमोलोची तीन आंदोलने बसवावयाची असतील तर आंदोलकाचा वेग सेकंदास 4.5 ठेवावा. संगणकास लय सांगून ठेवली तर हा हिशेब तो स्वतः करतो. पण विद्यार्थ्याने तो एकदा हाताने करून पाहावा हे बरे.

समारोप

संमेलनाच्या दिवशी गीत नीट पार पडले. खाली उतरल्यावर एका पालकांनी विचारले, “गिटार कोण वाजवीत होते?” आम्ही त्यांना संगणक दाखविला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग ही फसवणूकच नव्हे काय?”

या प्रश्नाचा विचार आम्ही पुष्कळ दिवस केला. यंत्र आम्हांस गिटार देऊ शकले नाही. पण गिटार कशी ऐकावी हे त्याने शिकविले. तार वरच वाकते, नखीला वेळ लागतो, समूहाचा भरदारपणा तफावतीतून येतो, या गोष्टी खरी गिटार कित्येक वर्षे कानांवर पडत असूनही आमच्या ध्यानात आल्या नव्हत्या. नक्कल नीट करावयाची तर मूळ वस्तूकडे आदराने पाहावे लागते. जो नक्कल लपवितो तो फसवितो. जो तिच्यातून मूळ समजून घेतो तो शिकतो. म्हणून यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘गिटार : संगणकावर’ असे स्पष्ट छापावयाचे आम्ही ठरविले आहे.

जिने मींड नसल्याची चूक दाखविली तिने यंदा एक जुनी गिटार मिळविली आहे. तिच्या बोटांना सध्या घट्टे पडत आहेत. तिच्या तारेतून निघालेला पहिला ओढलेला सूर आम्ही परवाच ऐकला. तो किंचित बेसूर होता, आणि कोणीही हसले नाही.

करून पाहा

1. विलंब 4 मिलिसेकंद असता फ्लँजरचे पहिले तीन खाचे किती कंपनांवर पडतील?

2. मिनिटास 120 मात्रा असता एका मात्रेत दोन आंदोलने बसविण्यास आंदोलकाचा वेग किती ठेवावा?

3. एकच सूर प्रथम ट्रेमोलो व मग व्हायब्रेटो लावून, डोळे मिटून ऐका. हालते ते काय, हे नाव न पाहता सांगा.